कोपर

इद्रियाच्या खाणकामगार सभागृहात
प्रोजेक्टरची खोली मागाहून बांधली,
तीही उंचावर, एका कोपऱ्यात,
कारण मधोमध धुराडं आलं होतं.
म्हणून आमच्याकडचा कुठलाही चौकोन
पडद्यावर चौकोन होऊन पोचत नाही.
एक खांदा पडलेला, खालची कड फाकलेली,
घाईत इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखा.

त्सिरिल म्हणतो, यंत्राला बोल लावू नकोस, नेया.
खोली वाकडी, तर पट्टीही वाकडीच घासायची.
मग चित्र आपोआप सरळ.

खणात त्याच्या पितळी पट्ट्या,
प्रत्येक फलाटीनच्या तुकड्यात गुंडाळलेली,
प्रत्येकीच्या पोटात एक खिडकी.
एकाला एक सदतीस, जवळजवळ चौरस.
एकाला एक पंच्याऐंशी.
आणि ती लांबुडकी, पत्रपेटीच्या फटीसारखी,
जिच्यातून वाळवंटं आणि घोडे आत येतात.

पहिल्याच महिन्यात मी चुकीची पट्टी सरकवली.
मुकुटाविना राजा, कपाळाविना नवरी,
आणि भाषांतराच्या ओळी
पडद्याच्या तळाशी पुरलेल्या.
तिकिटं फाडणारी लुडमिला जिना चढून आली:
"अर्धीच डोकी दिसली म्हणून
लोक अर्धे पैसे परत मागतायत."
दुसऱ्यांदा मी उलटी चूक केली, फार उघडी ठेवली.
तेव्हा वरून वटवाघळासारखा लोंबणारा माईक दिसला,
आणि राजवाडा जिथे संपतो तिथली
रंग न दिलेली फळी.

दाखवायचं किती, झाकायचं किती,
यात मापात पाप नको, एवढंच त्याचं शास्त्र.

मग मार्चमध्ये खाणीच्या कचेरीतून
एक डबा आला. आठ मिनिटांची फीत,
पाळी सुटल्यावर बाहेर येणारे लोक.
लेसच्या दुकानातल्या श्टेफ्काबाई मुद्दाम आल्या.
नऊ वर्षांच्या असताना पाहिलेली त्यांनी.
डाव्या कडेला बाबा आहेत, म्हणाल्या,
ते हात हलवतात.

दिवे लागले. बाबा नव्हते.
कुणीतरी कापून टाकलं, त्या म्हणाल्या,
पण आवाज चढवला नाही.

त्सिरिलने फीत बोटांवर घेऊन भिंगाखाली धरली.
"फीत शाबूत आहे. पट्टी खातेय."
आणि त्याने पट्टीच काढून टाकली.

उजेड सांडला.
मखमलीवर, आगीच्या दाराच्या पाटीवर,
छताच्या ओल्या डागावर.
कडा विरघळलेल्या, चिकटवलेले सांधे उघडे,
एखाद्याच्या घरी न सांगता गेल्यासारखं.
आणि डावीकडे, अगदी टोकाला,
एक बाही. वाकवलेलं कोपर.
दिव्याची कडी.
बस्स.
चेहरा कॅमेऱ्याच्याच बाहेर होता,
पहिल्या दिवसापासून.

हात काही हलला नाही.

श्टेफ्काबाई म्हणाल्या, पुन्हा.
तिसऱ्या वेळेनंतर म्हणाल्या,
"त्या कोपरावरचं ठिगळ आईने लावलंय.
तिचा टाका असा तिरका जायचा."
आणि पर्समध्ये रुमाल शोधत राहिल्या,
जो त्यांच्या हातातच होता.

त्या रात्री त्सिरिलने कोरी पट्टी काढली.
फीत यंत्रात उलटी उभी असते,
म्हणून पडद्यावर जे डावीकडे हवं
ते इथे उजवीकडे घासायचं,
जे डोक्याशी, ते पायाशी.
त्याची कानस सोनाराची, उंदराच्या शेपटीएवढी.
दोन घासे, फुंकर, पट्टी आत, पडद्याकडे नजर.
दोन घासे. मी खाली उभी राहून
डाव्या मखमलीचा पडदा हातभर मागे ओढून धरला,
आणि ओरडत राहिले: अजून. अजून.
थांब.
केसभर जास्त झालं असतं
तर भिंत आली असती.

बाकीच्या पट्ट्यांवर आकडे कोरलेत.
हिचं माप त्याने घेतलंच नाही.
पेन्सिलीने फक्त लिहिलं: कोपर.

रविवारच्या खेळाला कुणीतरी विचारलं,
डावीकडचा पडदा आज एवढा मागे का.
लुडमिला तिकीट फाडत म्हणाली,
तो तसाच आहे.