लिंबाचं कोलोन

गाठ सापडली ती नुरेत्तिनला, माझ्याच खुर्चीत.
वस्तरा जबड्याखाली थबकला.
“उस्ता, इथं काहीतरी आहे. वाटाण्याएवढं.”
तीस वर्षं इझमीरचे गळे या हातांखालून गेले,
माझा तेवढा राहून गेला.

डॉक्टरीणबाई लिम्फोमा म्हणाल्या, हळूच,
शेजारी कुणी झोपलंय तशा.

दुसऱ्या सलाईननंतर केस उशीवर उतरले.
केर काढायची सवय; काढला.
लाल औषध, डाळिंबाच्या सरबतासारखं,
मग लघवीही तशीच.
हे पलीकडच्या खुर्चीतल्या सेवदा हानिमला सांगितलं
तर ती इतकी हसली की नर्स धावत आली.
गेल्या मंगळवारी तिच्या जागी एक पोरगा होता.
मी काही विचारलं नाही.

बायकोलाही बोललो नाही ते असं:
लिंबाच्या कोलोनचा वास आता सोसत नाही.
माझ्या दुकानाचा वास.
बापाच्या तळव्यांचा.

म्हणून रस्त्यापलीकडे उभा राहतो, टोपी कानांवर ओढून.
काचेतून नुरेत्तिन हात हलवतो.
गिऱ्हाईक मान मागे टाकतं,
आणि खिशातल्या खिशात माझी बोटं
त्याचा गळा चाचपत राहतात.