साडू

अधिक ज्येष्ठ. सोलापुरात ऊन
कोंबड्याच्याही आधी उठतं,
आणि त्या उन्हाच्याही आधी रेवणसिद्ध, माझा साडू.
आवाज होऊ नये म्हणून कडी तो बोटांत धरून सरकवतो.
तरी ऐकू येतेच.
मी कूस बदलतो. पंखा कालचीच हवा ढवळत राहतो.

धोंड्याचा महिना. जावई म्हणजे नारायण,
आणि नारायणाला नाही म्हणता येत नाही.
पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार,
कडक भाकरीचा चुरा, शेंगाचटणी, तेल बोटांवरून मनगटावर.
दुपारी पुन्हा. रात्री पुन्हा.
सासूबाईंच्या हाताला दुजाभाव ठाऊक नाही :
त्याला सहा, मला सहा,
सातवा दोघांनाही बळजबरीचा.

मग दोघेही आडवे.
मोबाइल माझ्या पोटाला टेकून उभा राहतो,
हात लावावा लागत नाही.
तोही दिवसभर तसाच, शेजारच्या चटईवर, घोरत.
फरक काय तो पहाटेच्या पाऊण तासाचा.

एकदा दुधाला गेलो तेव्हा दिसला,
किल्ल्याच्या तटाखालून, तळ्याच्या कडेनं,
लाल तोंड, भिजलेला बनियन,
सिद्धरामेश्वराला धावता धावताच हात जोडत.
मी पिशवी सावरत हसलो :
सात धोंडे खाऊन हा कुणाला फसवतोय?

आठव्या दिवशी मेहुणी महादेवी आम्हाला
अशोक चौकात तिच्या लॅबवर घेऊन गेली.
उपाशीपोटी एकदा सुई.
मग साखरेचं गोडमिट्ट पाणी, दोन तास बाकावर, पुन्हा सुई.
त्याआधी वजनकाटा.
दोघेही दीड दीड किलोनं वर.
मी त्याच्यापुढे टाळीला हात केला :
"बघ, तुझ्या सगळ्या पहाटा फुकट!"
त्यानं टाळी दिली. वाद घालत नाही तो.

संध्याकाळी कागद आले.
माझ्या आकड्यांपुढे दोन बाण, तोंड वर केलेले.
त्याच्या कागदावर नुसते आकडे.

"साखर दारात ताटकळतीय, दाजी," महादेवी म्हणाली.
"चावी तुमच्याकडं हाय, फिरतीय पण. दारच फुगलंय.
त्यांचं दार रोज एकदा सताड उघडतंय की."
"आणि हा दीड किलो?"
"तो दोघांचाही. काटा पोतं मोजतो,
पोत्यात काय चाललंय त्याला काय कळतंय."

कोपऱ्यात सासरे ऐकत होते. चन्नबसप्पा, साचेखात्यातले.
महिनाभर त्यांनी धोंड्याला हात लावला नव्हता,
फक्त आमच्या ताटांकडे बघत बसायचे,
आणि जेवणाआधी शर्ट वर करून
पोटाला इंजेक्शन टोचून घ्यायचे, भिंतीकडे तोंड करून.

"चार साच्यांच्या मधून आठ तास चालायचो," ते म्हणाले.
"बारा भाकऱ्या. कुठं जायच्या, पत्ता लागायचा नाही.
मग भोंगा बंद झाला."
थोडं थांबून, बोटांनी नसलेला धागा सांधत :
"पाय त्याच दिवशी थांबले.
भाकऱ्यांना कुणी सांगितलंच नाही."

नवव्या पहाटे कडी सरकली.
दार लागल्याचा आवाज मात्र आला नाही.
अंधारात कुणी घसा खाकरला,
पायरीवर वहाणांची करकर, जुनी, सासऱ्यांच्या.
मी डोळे मिटून पडलेलो,
एक पाय चटईबाहेर, गार फरशीवर.

आणि स्वयंपाकघरातून सासूबाई :
"अहो, निदान काही खाऊन तरी जा!"