अशी लाट

कुरिअर कुडाळपर्यंतच येतं.
पुढे वेंगुर्ल्यापर्यंत खोका माझ्या मांडीवर,
एसटीची मागची सीट;
प्रत्येक खड्ड्याला मी तो उचलून धरला.
आतेचं बाळसुद्धा असं कधी धरलं नव्हतं.

जुनं कार्ड उपसलं.
स्क्रूंवर मिठाचा हिरवा थर,
सहा वर्षं खिडकीतून खारी हवा खाल्ली बिचाऱ्याने.
नवं बसेना. दोन बोटं लांब.
इनास म्हणाला, थांब,
आणि घरून करवत घेऊन आला,
होडीच्या इंजिनांवर चालवतो ती.
कॅबिनेटच्या आतली एक भिंत गेली,
लोखंडाचा कीस फरशीभर,
आई झाडू घेऊन दारात.

रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट.
चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या
सिलिका जेलच्या पुड्या कोपऱ्यात.
दोनदा व्होल्टेज पडलं.
तिसऱ्यांदा पंखा फिरला आणि फिरतच राहिला.

गलबतांचा गेम लावला, सगळी सेटिंग्ज वरच्या टोकाला.
पाणी असं चमकलं
की इनास शिवी द्यायची विसरला.

बाबा मागे कधी आले कळलं नाही.
बंदीचे दिवस,
होडी झावळ्यांनी शाकारलेली, हात रिकामे.
बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले,
"ह्या वाऱ्यार अशी लाट येवची नाय,"
आणि काचेवर बोट टेकवून दाखवलं
ती कुठे मोडायला हवी होती.

रात्री सेटिंग्जमध्ये शोधलं.
सावल्या होत्या, धुकं होतं,
पाण्याचे चार प्रकार.
वारा नव्हता.

काचेवर बाबांच्या बोटाचा तेलकट ठसा,
लाटेच्या जरा अलीकडे.