खिडकीची जागा

चौतीस वर्षं याच शहरात तिकिटं फाडली,
शनिवारवाडा पाहिला तो
सुट्ट्या पैशांच्या आडून, तुकड्यातुकड्यांनी.

आज पुणे दर्शन.
खिडकी शालनला देत होतो,
ती म्हणाली, बसा तुम्हीच.

गाइड सनावळ्या सांगतो,
माझ्या ओठांवर थांबे:
डेक्कन, अलका, विश्रामबाग,
चला, उतरणारे पुढे या.

पुलावर मात्र तो गप्प. नाकाला रुमाल.
खाली मुठा, जलपर्णीत रुतलेली,
बिनतिकिटाच्या त्या म्हातारीसारखी
जिला मी कधीच उतरवलं नाही.

संगमाशी नाव. वीस मिनिटं, माणशी शंभर.
नावाड्यानं काठ सोडला
आणि माझा हात आपोआप वर,
दोरी शोधत,
डबल द्यायला.

शालननं तो खाली घेतला,
उरलेल्या सुट्ट्यांसारखा
मुठीत ठेवला.