किरकोळ दुरुस्त्या

नोंद क्रमांक चारशे अठरा.
फोनवर आली.
नीलम नगरच्या विडी शाखेतला कारकून म्हणाला,
"एक बाई काउंटरवरनं हलंना झालीय,
तुमीच बोला."

मग राजव्वा बोद्दुल :
"हजार दिल्या मी. छाट निघाली चाळीस.
तुमच्या डब्ब्यात ऐंशी कशी ओ?
माझी बोटं मोजतात, डोळे लागत नाहीत."

मी लिहून घेतलं.
व्हायला हवं होतं : ९६०.
झालं : ९२०.
पुन्हा घडवायची कृती : माहीत नाही.
गांभीर्याच्या रकान्यात तिचा आवाज मावेना,
यादीतून 'मध्यम' निवडलं.

विरूपाक्ष हत्तुरे कडक भाकरी मोडत म्हणाला,
"माझ्या मशिनवर बरोबर चालतंय."
त्याच्या मशिनला इन्व्हर्टर होता.
तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.
शेरा : घडवता आलं नाही.
नोंद बंद.

पुढं चारशे एकतीस आली, चारशे चाळीस आली.
दोघींवर कुणीतरी शिक्का मारला : पुनरावृत्ती.
कशाची? बंद केलेल्याची.

शनिवारी मी रिक्षानं शाखेत गेले.
एप्रिल. वर पत्रा, खाली तेंदूच्या पानाचा वास,
सुपं मांडीवर घेऊन रांगेत बसलेल्या बाया.
कारकुनानं छाट टाकली, चाळीस,
जतनचं बटण दाबलं
आणि लाईट गेली.
एकीनंही मान वर केली नाही.

वीस मिनिटांनी पडदा उजळला.
चौकट रिकामी.
त्यानं पुन्हा चाळीस टाकले, सवयीनं.
"रोज असंच करता?"
"मग? आधीचं गेलं नाही ना."

गेलं होतं.
पहिल्यांदाच गेलं होतं.

नोंद पुन्हा उघडली.
पायरी तिसरी, मी लिहिलं : लाईट जाऊ द्या.
विरूपाक्षनं स्वतःच्या हातानं प्लग उपसला,
पडद्यावर ऐंशी बघितले
आणि बराच वेळ भाकरीचा डबा उघडला नाही.

दुरुस्ती अकरा ओळींची.
मी साठ वेळा वीज तोडली. छाट चाळीसच राहिली,
पण सुट्टीचं रजिस्टर कोलमडलं.
परत त्याच्याकडं. परत माझ्याकडं.
रविवारी रात्री अकराला, शाखा झोपलेल्या असताना,
नवी आवृत्ती चढवली.
साहेबांनी सगळ्यांना निरोप पाठवला, एका ओळीचा :
किरकोळ दुरुस्त्या.

सोमवारी फोन.
"नऊशे साठ आले. बरोबर आले."
मी चारशे अठरावर 'बंद' निवडत होते.
"आनि आधीचे?"

बोट थांबलं.
पलीकडं कात्री चालल्यासारखा आवाज येत होता,
ती बोलताना काम थांबवत नाही.

नोंद क्रमांक चारशे सदुसष्ट.
तेरा महिने, दोनदा कापलेली छाट, सगळ्या शाखा.
पुन्हा घडवायची कृती : नको.
गांभीर्य : यादीत नाही.
कुणाकडे सोपवली :

हा रकाना रिकामा ठेवून पुढं जाता येत नाही.
मी माझंच नाव टाकलं.
स्थिती : नवी.