तेवीस किलो

जवळा आधी तव्यावर कोरडा भाजला,
पंख्याखाली निववला,
एकात एक तीन पिशव्या, मग चहाचा पत्र्याचा डबा,
वर चहाचीच पूड पसरून, झाकणाला चिकटपट्टी.
वजनकाट्यावर आधी मी एकटी,
मग बॅग कवेत घेऊन मी,
आणि वजाबाकी : तेवीस किलो चारशे.
काय काढू?
साडी काढली.

गोथेनबर्गला प्रणितच्या घरी
चपला दारातच काढायच्या, एवढंच आपल्यासारखं.
बाकी शिकावं लागलं.
अंघोळीचा नळ डावीकडे किती वळवायचा.
रंगीत काच एका डब्यात, बिनरंगी दुसऱ्यात.
धुणं बुधवारी सहा ते नऊ, तळघरात,
फळ्यावर आधी नाव लावून.
गावच्या नळावर हंड्यासाठी झिंज्या धरलेली मी,
तिथं अनोळखी बाईला मान तुकवून
मशीन रिकामं करून देत होते.
भाविका सातला निघायची.
प्रणित रेयांशला शाळेत सोडून तसाच कामावर.
मग मी आणि फ्रिजची घरघर.
चारला अंधार.
देवापुढे दिवा लावला की रेयांश म्हणायचा,
आत्या, इतक्यात नको ना,
मग मला झोप येते.

एका रविवारी मीच म्हटलं, जवळा करते.
कांदा लाल झाला, जवळा पडला,
आणि छतावरचं पांढरं झाकण किंचाळायला लागलं.
प्रणित खुर्चीवर चढून टॉवेल फडकावतोय,
भाविका खिडक्या उघडतेय, बाहेर उणे चार,
खालच्या मजल्यावरची म्हातारी जिन्यात उभी,
काखेत मांजर,
विचारतेय, सगळी ठीक आहात ना?
आम्ही कोट घालून जेवलो.
कुणी काही बोललं नाही.
भाकऱ्या मात्र कमी पडल्या.

पुढच्या नाताळात ती इकडे आली. बारा दिवस.
पाच दिवाळ्याला, भाविकाच्या माहेरी,
दोन लग्नं, एक दाताचा डॉक्टर,
उरलेले करावे गावात, माझ्याकडे.
आता मी सांगते :
गिझरचं बटण उलटं आहे.
प्यायचं पाणी या पिंपातलं.
दार जरा उचलून लाव.
प्रणित म्हणतो, थँक्यू, बाय.
ज्या दाराच्या बिजागरीत
याचं बोट चेंगरलं होतं, त्या दाराबद्दल.
मी तोंड फिरवून तांदूळ निवडायला घेते.
तिसऱ्या दिवशी तो दार धाडकन आपटतो,
तेव्हा कुठं बरं वाटतं.

रेयांश केळ्याची साल हातात धरून
मच्छी मार्केटपर्यंत चालत येतो.
ही कुठल्या डब्यात?
मी शेळी दाखवते.
तो शेळीला आधी विचारतो.

परत येताना म्हणाला, आजोबांचं मिठागर बघायचं.
नेलं.
वॉचमनने वहीत नाव लिहायला लावलं,
कुणाकडे, कितवा मजला.
मी लिहिलं, पार्किंग.
खाली दोन ओळी गाड्या, मध्ये खांब,
खांबावर पिवळ्या रंगात बी-चौदा.
इथं, मी म्हटलं, अंदाजे इथंच,
तुझा आजोबा फळी ओढत मीठ गोळा करायचा,
टाचांना भेगा, भेगांत मीठ.
आणि पोरगा, मी काही बोलायच्या आत,
खांबाला जीभ लावून बघतो.
खारट आहे?
विचार करतो. नुसती धूळ, म्हणतो.
मग तळहाताने ओठ पुसून पुन्हा एकदा बघतो,
थोडं खाली.

निघताना बॅगा भरल्या.
जवळ्याचा डबा प्रणितने स्वतः बाहेर काढून ठेवला,
माझ्याकडे न बघता.
भाविका म्हणाली, बाय, राग नको मानू,
ती खालची आजी.
मी म्हटलं, राग कसला.

पोचल्याचा फोन आला. थंडी, उशीर, एक बॅग मागे राहिली.
मग रोजचं : शाळा, धुणं, बुधवार.
महिन्याने सहज बोलता बोलता तो म्हणाला,
पुढच्या वेळी येशील तेव्हा जवळा आणू नकोस हां.
मी म्हटलं, बरं.
तिकडे कुणीतरी भांडी लावत होतं.
बराच वेळ.
मग, हळू आवाजात :
थोडा आण.
त्याच डब्यात.