ओळख पटवणारा

जिंतूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयासमोर
झेरॉक्सच्या टपरीला पाठ टेकून मी बसतो.
धंदा विचाराल तर माणसं ओळखणं.

दस्ताच्या शेवटी छापलेलं असतं,
'लिहून देणार यांना आम्ही व्यक्तिशः ओळखतो.'
त्या 'आम्ही'तला एक मी.
मदन पि. सटवाजी काळदाते, वय एकोणसाठ, धंदा शेती.
शेती नाही.
पण रकाना मोकळा सोडता येत नाही.

एका ओळखीचे दोनशे.
सर्व्हर बंद पडून दिवस लांबला तर वर पोहे.
बोरीचे, चारठाण्याचे, येलदरीचे,
प्लॉटवाले, विहिरीतला चौथा हिस्सा विकणारे,
सकाळी पहिल्यांदा दिसलेला माणूस
दुपारपर्यंत माझा वीस वर्षांचा परिचित होतो.
अगदीच खोटं म्हणू नका.
चहा तर सोबत पितो.

मुनीरभाई दस्त लिहितात.
त्यांचे आजोबा याच गावात उर्दूत लिहायचे.
कुणी जुना मुंतखब आणला, की घडीवर तुटलेला तो कागद
मांडीवर पसरून
मुनीरभाईंचं बोट उजवीकडून डावीकडं सरकतं.
"मदनराव, माणूस मरतो, पण चतुःसीमेत राहतो.
हे बघा, पूर्वेस सखाराम सुताराची जमीन.
सखारामला जाऊन सत्तर वर्षं झाली,
पूर्वेसच आहे."

परवा केवळबाई आल्या. हक्कसोडपत्र.
एक भाऊ पुढं, एक मागं,
मधे त्या, नव्या लुगड्यात,
दुकानातली घडी अजून पाठीवर उमटलेली.
केवळबाई भ्र. रंगनाथ, वय सहासष्ट, धंदा घरकाम.
मोबदला निरंक.
मुनीरभाईंनी वाचून दाखवलं,
गट नंबर, हेक्टर, आर,
दक्षिणेस शिवरस्ता, उत्तरेस ओढा.

"दक्षिणंला रस्ता नव्हता," त्या म्हणाल्या,
"साहेबबीची बोर व्हती तिथं.
लई आंबट. तरी खायचो.
आन् वड्यात माझं एक पैंजण हाय अजून."
धाकटा म्हणाला,
"आक्का, ते लिहायचं नसतंय."

आत यंत्र अंगठा घेईना.
केसाला घासा, म्हणाला ऑपरेटर.
मग दुसरं बोट, तिसरं, मग दुसरा हात.
नवव्या बोटाला हिरवा दिवा लागला
आणि दोन्ही भावांनी एकदमच श्वास सोडला.

साहेबांनी मान वर न करता विचारलं,
"राजीखुशीनं देताय ना?"
"दिलं म्हना."
"'म्हणा' चालत नाही, बाई. दिलं का?"
वर पंखा फिरत होता,
दोन-तीन फेरे झाले असतील.
"दिलं."

मग माझी पाळी. मी पेनाचं टोपण काढलं.
त्या माझ्याकडं वळल्या.
"तुमी मला वळखता?"
"तसं लिहावं लागतं, मावशी."
"लिव्हा की. पर वळखत असाल तर सांगा,
माहेरात मला काय म्हनायचे?"

इतक्या वर्षांत इतकी माणसं ओळखली,
पावती मागावी तसं हे कुणी मागितलं नव्हतं.
मी थोरल्याकडं पाहिलं.
तो फरशीकडं पाहत होता.
त्याला ठाऊक असेल.
किंवा त्यालाही आठवत नसेल.

मी सही केली. दोनशे घेतले.
मागून फाटकापर्यंत गेलो, विचारावं म्हणून,
तर त्यांची रिक्षा येलदरी रोडला लागलेली.

मुनीरभाईंनी दस्ताची प्रत दाखवली,
फोटोंवर बोट ठेवून हसले.
दोघं भाऊ समोर पाहतात, केवळबाई समोर पाहतात,
दुसरा ओळखदारही.
मी तेवढा मान वळवून,
त्या उभ्या होत्या तिकडं.